कॅनडातल्या विनिपेगहून बाबांना

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, कानटोपी घालतो. एवढं आईला आधी वाचून दाखवा.

आता तुमचा राग. ऑइलच्या डब्यावर ०डब्ल्यू-२० दिसलं आणि तुम्ही फोनवरच कडाडलात, "इंजिनात पाणी घालतोस काय?" पैसे वाचवत नाहीये हो, हे सिंथेटिक तुमच्यापेक्षा महाग पडतं. पहिला आकडा ऑइल थंडीत किती दाट होतं त्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा, १०० अंशांवरचा. जीपमधल्या १५डब्ल्यू-४०ची थंडीतली परीक्षा उणे २० ला घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. अकोल्यात पहिल्या आकड्याला कोण विचारतो? इथे जानेवारीत सगळा खेळ त्याचाच. तुमचं ऑइल रात्रभर बाहेर राहिलं तर हिवाळ्यातल्या खोबरेलासारखं होईल. सेल्फ नुसता कण्हेल, आणि गाडी सुरू झालीच तरी ऑइल वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासेल. २० पातळ, हे तुमचं खरंच. पण हे इंजिन त्याच हिशेबाने बनवलंय, कंपनीच्या पुस्तकात तसं छापलंय. माझं बघून जीपमध्ये मात्र घालू नका, तिला चाळीसच हवं.

आणि आई, विजेची गाडी घेतलेली नाही. व्हिडिओत पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर दिसली, ती इंजिनातलं पाणी गरम करायची. रेडिएटरला जातं तेच पाणी, त्यात कूलंट असतं. इथे पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर सॉकेटचा खांब असतो, रात्री गाय बांधावी तशी गाडी बांधायची. चार्जिंग नाही, नुसता हीटर. सकाळच्या आधी तीन-चार तास पुरतात म्हणून टायमर लावतात. वायर धड असली की शॉक, आग असं सहसा काही होत नाही, सगळं गाव हेच करतं. घाईत वायर न काढता निघणारेही असतात. मी काढतो.

मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सचे दीड लाख सोमवारी टाकतो. छोटीला म्हणावं, शालूचं वेगळं पाठवीन, त्यात काटकसर नको. रजेचा अर्ज दिलाय, साहेब अजून हो म्हणालेले नाहीत. मेमधलं तिकीट फार चढलंय. हळदीला जमेलसं वाटत नाही, लग्नाला बघतो. आईला सध्या "येतोय" एवढंच सांगा. जळगावच्या स्थळाचा फोटो पाहिला, मुलगी चांगली आहे, फोन अजून केलेला नाही. करतो. मामांना तोवर काहीतरी सांगून ठेवा.

तुमचा,
संदीप