बाबेलचं पत्र आणि आपला सीमाभाग

बेळगाव

प्रिय मित्रा,
सलाम.

चर्चच्या तरुण संघात बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ वर बोलणार म्हणतोस. देवाचे संकल्प हिताचे, पुढे आशा आहे, हे वचन इथंही रिक्षाच्या पाठीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे दिसतं. पण ते यिर्मयानं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं सांगितलीत. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक तिथंच मरणार. म्हणून तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, त्या शहराचं भलं मागा, असं त्यात आहे. दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणणारा संदेष्टा हनन्या मागच्याच अध्यायात खोटा ठरतो.

आमच्याकडे हे वाचताना कुणीतरी हळूच १९५६ मध्ये, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या सालात, ७० मिळवतो. उत्तर २०२६! असला हिशेब मला पटत नाही; तो हनन्याच्याच घराण्यातला. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. त्याचा निकाल शास्त्रातून काढायचा नसतो.

शिवाय बाबेल इथं नीट बसतच नाही. आम्हाला कुणी उठवून नेलं नाही. इथला म्हातारा मुंबई इलाख्यात जन्मला, म्हैसूर राज्यात संसारी झाला, १९७३ नंतर कर्नाटकात आजोबा झाला, आणि ह्या सगळ्यात त्यानं घर बदललं नाही. रेघ हलली. शेजारचा कन्नड बोलणाराही इथलाच. त्याला यहुद्यांना धरून नेणारा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर कसा म्हणू?

मला अध्याय ३२ जास्त जवळचा वाटतो. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं शेत विकत घे. हा सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बसवतो, एक खत मोहरबंद आणि एक उघडं करून आपल्या लेखनिक बारूखाला मडक्यात ठेवायला सांगतो. खानापूरच्या काकांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘वेढ्यात दर पाडून मागायचा की! आणि उतारा कुणाच्या नावावर चढला?’ काकांना शास्त्र कळलं, असं मी म्हणतो. आशा म्हणजे त्या कैद्यानं पैसे मोजून केलेला व्यवहार.

निर्गमाचं, म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या फारो राजाच्या गुलामीतून सुटून वचनदत्त देशाकडे निघाले त्या गोष्टीचं बघ. अमेरिकेतल्या गुलामांना फारोच्या जागी मळेवाला दिसला. मार्टिन ल्यूथर किंगनं ३ एप्रिल १९६८ ला, खुनाच्या आदल्या रात्री, वचनदत्त देश डोंगरावरून पाहिल्याचं सांगितलं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांनीही त्याच गोष्टीत स्वतःला इस्राएल मानलं, आणि तिथले काळे लोक कनानी, म्हणजे त्या वचनदत्त देशातले आधीचे रहिवासी, ठरले. तेव्हा कुणी आशेचं वचन काढलं की मी आधी बघतो, शेजाऱ्याला काय सोंग दिलंय.

तू ३२ च घे. ४४ वचनं पोरं ऐकणार नाहीत, ६ ते १५ पुरेत. बाकी नाताळला आलास की बोलू. वहिनींना सलाम सांग.

तुझा,
बेळगावकर