बोनॉम खिंडीचा दिवस सपाटीवरच्या सरावाने निभत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताभोवतीच्या पायी परिक्रमेला जाणारे इंदूरकर पिपल्यापाळा उद्यानात रोज दहा किलोमीटर चालून तयारी झाली असे मानतात. या परिक्रमेतला ले कोंतामीन ते ले शापियू या फ्रान्समधल्या गावांमधला टप्पा तो समज मोडतो. अंतर सुमारे १८ किलोमीटरच, पण चढ जवळजवळ १३०० मीटर आणि उतार ९०० हून अधिक. विश्रांती धरून आठ तास लागतात.

नोत्र-दाम द ला गोर्जच्या चर्चपर्यंत नदीकाठची वाट सोपी. तिथून जुना दगडी रोमन रस्ता एकदम उभा होतो. ला बाल्मच्या निवाऱ्यावर पाणी भरूनच पुढे जावे.

खरी चूक २३२९ मीटरवरच्या बोनॉम खिंडीत होते. चढ संपला असे वाटून, विशेषतः धुक्यात, लोक सरळ खाली उतरतात आणि ला गिताझच्या भलत्याच दरीत जातात. बोनॉम खिंडीतच डावीकडे वळून, उताराला आडवे कापत २४७९ मीटरवरच्या क्रुआ द्यु बोनॉम खिंडीपर्यंत जायचे असते. जुलैच्या सुरुवातीपर्यंत या आडव्या वाटेवर बर्फ राहतो, सकाळी तो टणक असतो. बुटांना लावायचे काटे हवेतच. दुपारी विजांचा धोका, म्हणून सातच्या आत निघावे.

शेवटच्या उतारावर गुडघे बोलतात. दोन काठ्या घ्या आणि इंदूरजवळच्या जानापाव डोंगराची चढाई, पाठीवर आठ किलो वजन घेऊन, उतरण्यासह, लागोपाठ दोन-तीनदा करा. रोख युरो कोंतामीनमध्येच काढावेत.

आपला,
एक गिरिभ्रमणप्रेमी वाचक, इंदूर