'बोल ना, बोल' म्हटल्याने मूल बोलत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये प्लेग्रुपच्या दाराशी एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'बोलत नाही अजून, पण समजतं हो त्याला सगळं.' त्यावर आजीची पुस्ती असते, की याचे काकासुद्धा चार वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते. घराण्यात कुणी उशिरा बोललेलं असणं हे खरं तर मुलाला लवकर तपासून घेण्याचं कारण आहे. आणि 'सगळं समजतं' हेही पडताळून पाहावं. हातात चप्पल घेऊन दाराशी उभं राहून 'चल' म्हटलं, तर शब्द न कळताही मूल धावत येतं. हात मागे ठेवून, त्या वस्तूकडे न बघता 'बाबांचा चष्मा आण' म्हणा. मग काय होतं ते खरं.

ढोबळ हिशेब असा : वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि 'आई ये', 'पाणी दे' अशा जोड्या. 'भूभू', 'काऊ' हे शब्दच आहेत. पाण्याला दर वेळी 'पा' म्हणत असेल, तर तोही एक शब्द. घरात मराठीबरोबर हिंदी किंवा गुजराती असेल, तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा. 12 महिन्यांपर्यंत बोट दाखवणं, टाटा करणं नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत जोडी नाही, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले, तर वाट बघू नये.

पहिली तपासणी कानांची. पाठीमागे ताट वाजवलं की वळतो, म्हणून कान उत्तम, हा निष्कर्ष चुकीचा. ताट आणि कुकरची शिट्टी मोठ्याने वाजतात. 'स', 'श', 'फ' हे फार हलके असतात आणि नेमके तेच निसटतात. सर्दी वारंवार होत असेल तर पडद्यामागे पाणी साचून ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. जन्मल्यावरची तपासणी ठीक आली असली तरी ती आता पुरेशी नाही. बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्राने पाहणं, मूल झोपलेलं असताना करतात. त्या दिवशी दुपारची झोप होऊ न देता न्यावं, नाहीतर फेरी फुकट जाते.

आता घरी काय करायचं. बहुतेक घरांत मुलाची दिवसभर तोंडी परीक्षा चालू असते : 'हे काय? हा कोण? काकूंना म्हणून दाखव.' मूल गप्प होतं, कारण त्याला त्यातून काहीच मिळत नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांसाठी सात-आठ शब्द निवडा, तेही मुलाच्या कामाचे : दे, नको, अजून, उघड, संपलं, वर, ये. रंग आणि आकडे नकोत. रंगाचं नाव घेऊन कुणाला काही मागता येत नाही!

समजा, कुरमुऱ्यांचा डबा आहे. झाकण घट्ट लावून तो मुलासमोर ठेवा आणि तुम्ही खाली बसा, म्हणजे तोंड त्याच्या नजरेच्या पातळीला येईल. ते डबा तुमच्याकडे ढकलेल. मनातल्या मनात 10 अंक मोजेपर्यंत गप्प राहा. हेच सगळ्यात अवघड जातं. ते बघेल, हात लावेल, आवाज काढेल. यांतलं काहीही केलं की 'उघड' म्हणा आणि लगेच उघडा. चार-पाचच कुरमुरे द्या. परत हात पुढे आला की 'अजून', शेवटी रिकामा डबा दाखवून 'संपलं'. पाच मिनिटांत तेच तीन शब्द पाच-सहा वेळा कानांवर गेले. 'म्हण आधी, मगच देईन' अशी अडवणूक मात्र नको. त्यातून रडणं शिकलं जातं, शब्द नाही. मूल 'दे' म्हणालं तर तुम्ही 'कुरमुरे दे' म्हणा, एकच शब्द वाढवून. आंघोळ, कपडे घालणं, जिना चढणं, सगळीकडे हेच. टीव्ही बंद ठेवून 10-15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पुरे.

मोबाइलवरच्या गाण्यांनी मुलं ए टू झेड म्हणतात, पण तहान लागली तर हात धरून माठाकडे ओढत नेतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला, तर दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, असा आहे. वेखंड मधात उगाळून चाटवण्याने भाषा येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे. जिभेखालचा पडदा कापण्याचंही तसंच : त्या पडद्याने एखादा उच्चार अडू शकतो, पण मूल शब्दच बोलत नाही याचं कारण तो नव्हे. इंग्रजी शाळेसाठी घरात मोडकंतोडकं इंग्रजी सुरू करणं तर सरळ नुकसान. आजीला येते ती भाषा बोलू द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं; तारीख अंगणवाडी ताईंना विचारा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. खाजगी स्पीच थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा (या तज्ज्ञांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

जाताना मूल बोलतं ते शब्द लिहिलेली वही आणि घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, शक्यतो जेवताना किंवा खेळताना काढलेला. अनोळखी खोलीत मूल बहुधा तोंड उघडत नाही.

आपले,
लहान मुलांबरोबर काम करणारे काही वाचा-भाषा तज्ज्ञ, पुणे