काळ्या पुडीचा प्रयोग मुलांच्या हातून होऊ द्या

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शेजारची नववीतली मुलगी परवा सांगत होती, उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, शाळेत व्हिडिओवरच दाखवला. ही गोष्ट तुमसर तालुक्यातली. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज बॅटरीच्या कारखान्यांना जातं. इथल्या मुलांनी ती काळी पूड परीक्षानळीत टाकून पाहिलेलीच नसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रयोगाला खर्च असा नाहीच. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं असेल, तर तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांचं करावं. त्याच्या १० मिलिलिटरमधून सुमारे १०० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो. पण एरवी तो इतका सावकाश सुटतो की डोळ्यांना दिसतही नाही. चिमूटभर पूड पडली की द्रावण लगेच फसफसतं आणि विझू लागलेली उदबत्ती नळीच्या तोंडाशी लखकन उजळते. शिकवत असताना मी खरा वेळ द्यायची तो यापुढच्या भागाला. पूड आणि कोरा गाळणकागद आधीच तोलून ठेवायचे, त्यातून द्रावण गाळायचं, कागदावरची पूड धुऊन, पूर्ण वाळवून कागदासकट पुन्हा तोलायची. कागदाचं वजन वजा केलं की पुडीचं वजन जवळजवळ पहिल्याइतकंच भरतं. तीच पूड नव्या द्रावणात टाकली की परत फसफस! ‘बाई, ही संपतच नाही’ असं एखादं पोर ओरडलं की उत्प्रेरकाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

ऑक्सिजन मिळवायला हीच पूड मिसळून पोटॅशियम क्लोरेट तापवण्याची जुनी पद्धत मात्र मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. कोळशाची पूडही काळीच दिसते. ती चुकून क्लोरेटमध्ये मिसळून तापवली तर स्फोट होतो. जुने सेल फोडून पूड काढण्याचा सल्लाही कुणी ऐकू नये, त्यात कार्बन मिसळलेलाच असतो. आणि मँगनीज डायऑक्साइडची बाटली हायड्रोक्लोरिक आम्लापासून लांब ठेवावी. रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी १७७४ मध्ये याच दोन पदार्थांपासून क्लोरीन मिळवला होता, आणि तो वायू विषारी आहे.

शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे: नववीच्या प्रात्यक्षिकांत हा प्रयोग गाळण्या-तोलण्यासकट सक्तीचा करा आणि प्रत्येक शाळेला ठळक नाव लिहिलेली, सीलबंद पुडीची बाटली द्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
तुमसर, जि. भंडारा