गणित आधीच सुटलेल्या मुलाचं काय करायचं?

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अध्यापन पद्धतीचा विषय गणित. १६ आठवड्यांची इंटर्नशिप एका अनुदानित शाळेत चालू आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम विद्यापीठं ठरवतात आणि ती उच्च शिक्षण खात्याकडे येतात, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र आपल्यालाच लिहितेय, कारण आम्ही तयार होऊन उभे राहणार ते वर्ग आपल्या खात्याचे.

मागे पडणाऱ्या मुलाबद्दल आम्हाला बरंच शिकवलं जातं. निदानात्मक चाचणी, उपचारात्मक अध्यापन, कृतिसंशोधनाचे निम्म्याहून अधिक विषय. ते हवंच. पण सरावसंच दहा मिनिटांत संपवून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाबद्दल? समावेशक शिक्षणाच्या पेपरात 'प्रज्ञावान बालके' म्हणून लक्षणांची एक यादी आहे. परीक्षेत ती टीप लिहा म्हणून येते. शाळेत विचारलं तर अनुभवी शिक्षक सांगतात, "त्याला बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसव." म्हणजे हुशारीची शिक्षा बिनपगारी मदतनीस होणं.

माझ्या आठवीच्या वर्गात असा एक मुलगा आहे. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितो, त्यामुळे घटक चाचणीत मार्क कापले जातात. पहिल्या पाचांत त्याचं नाव कधीच नसतं. विस्तार सूत्रांचा सरावसंच त्याने आटोपला तेव्हा मी त्याला कापरेकरांचा खेळ दिला. हा खेळ शोधणारे गणिती दत्तात्रेय कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, हेही सांगितलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. त्यानंतर ६१७४ च येत राहते.

दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर तीन अंकी संख्यांचं काम होतं, ४९५ वर थांबलेलं. त्याखाली दोन अंकी : ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९. "मॅडम, हे थांबतच नाही, गोल फिरतं. आणि सगळे नऊच्या पाढ्यातलेच का?" हा प्रश्न त्याचा स्वतःचा. आम्ही १०अ + ब मधून १०ब + अ वजा केले, ९(अ − ब) आलं, आणि रटाळ वाटणारी बैजिक राशी त्याला पहिल्यांदा कामाची वाटली. नववीचं पुस्तक आधी उरकायची गरज पडली नाही. आठवीतच खोल जायला भरपूर जागा आहे.

पण हे मला कॉलेजात शिकवलेलं नाही. वाचनातून हाती लागलं. पुढचा प्रश्न काय द्यावा, बाकीचा वर्ग सांभाळून त्याच्याजवळ किती वेळ बसावं, 'मॅडमचा लाडका' असा शिक्का बसू नये म्हणून काय करावं, हे कुणाला विचारायचं? पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात यासाठी रकानाच नाही. त्या तासाला माझ्या पाठावर शेरा आला, 'फलकलेखन सुवाच्य'.

निवड करण्यात आपण कमी नाही. राज्याची शिष्यवृत्ती, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती, नवोदयची प्रवेश परीक्षा. शिष्यवृत्तीची परीक्षा चौथी-सातवीला असावी की पाचवी-आठवीला, यावर खात्याने पुरेसा खल केला आहे. पण यादीत नाव लागल्यानंतरही ते मूल त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतं आणि समोर आमच्यासारखेच शिक्षक असतात. माझ्या विद्यार्थ्याचं नाव तर यादीतही येणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेची मुलं ओळखणं आणि फुलवणं शिक्षक-शिक्षणात यावं, असं स्पष्ट लिहिलंय. बी.एड.ला त्यात विशेषीकरण ठेवता येईल, असंही आहे. राज्यात अनुभवाची वानवा नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून हे काम करते, मुंबईत ऑलिम्पियाडची धुरा वाहणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईने २०२५ मध्ये एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा काढला. तो लागू झाला तर अभ्यासक्रम नव्याने लिहावे लागतील आणि वेळ कमी म्हणून पहिली कात्री कशाला लागेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून विशेषीकरण होईल तेव्हा होवो, आज आपल्या अधिकारात आहे तेवढं करा. इंटर्नशिपच्या शाळा आपल्या आहेत. तिथे प्रत्येक छात्राध्यापकाने निदान एक घटक असा घ्यावा, ज्यात पुढे गेलेल्या मुलांसाठी वेगळं काम आखलेलं असेल आणि निरीक्षक तेही तपासतील. एससीईआरटीने, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, बालभारतीच्या प्रत्येक गणित-विज्ञान प्रकरणाला जोडून चार-पाच खोल प्रश्न मराठीत काढावेत, सोबत शिक्षकासाठी पुढची दिशा. वेगळ्या तुकड्या मात्र नकोत. त्या झाल्या की क्लासवाले दारात उभे राहतील, आणि खराब अक्षराची मुलं पुन्हा बाहेरच.

कळावे,
आपली नम्र,
एक छात्राध्यापिका