चेहऱ्याला लावायचे तेल आणि आपली करडई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत पंधरवड्यापूर्वी चेहऱ्याच्या निगेविषयी जो लेख आला, त्यात खोबरेल तेलात लिंबाचा रस मिसळून तो रोज चेहऱ्याला चोळावा आणि तेल नैसर्गिक असल्याने ते कोणत्याही त्वचेला चालते, असा सल्ला दिला आहे. सोलापुरातील मुलींच्या शाळेत मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. तेलाने चेहरा स्वच्छ करण्याची रीत मला मनापासून पटलेली आहे आणि मी ती स्वतः पाळते. म्हणूनच ती अर्धवट सांगितली गेल्याचे वाईट वाटले आणि हे पत्र लिहावेसे वाटले.

लिंबाचे आधी सांगते, कारण ते आमच्या घरी घडले आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी सोळा वर्षांची नात असाच लेप लावून, तोंड वरवर धुऊन, भर दुपारी सायकलवरून शिकवणीला गेली. दोन दिवसांत गालांवर जळजळणारे लाल चट्टे उठले. ते ओसरल्यावर मागे राहिलेले तपकिरी डाग दिवाळीपर्यंत दिसत होते आणि त्या काळात ती मुलगी ओढणीने तोंड झाकल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. कागदी लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले की त्वचा अक्षरशः भाजते. सोलापूरच्या उन्हात हा प्रयोग करायला सांगणे धोक्याचे आहे.

आता तेलाविषयी. आपल्या त्वचेतून पाझरणारे स्निग्ध द्रव्य, म्हणजे सीबम, हे मुख्यतः मेदाचे, मेणासारख्या द्रव्यांचे आणि स्क्वालीन नावाच्या तेलकट द्रव्याचे मिश्रण असते. ते पाण्यात विरघळत नाही आणि दिवसभराची धूळ, धूर, काजळ, सनस्क्रीन हे सारे त्यातच चिकटून बसते. तेल मात्र त्याला सहज विरघळवते. साबणही ते काढतो, पण साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. शिवाय आमच्या वसाहतीप्रमाणे जिथे बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते, तिथे पाणी जड असल्याने त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी पांढरट रेघ दिसते, तोच थर चेहऱ्यावरही बसतो. तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते, त्याला हेही एक कारण आहे.

आपल्या घरांत ही रीत नवी नाही. दिवाळीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणे लावतात, तो क्रम अगदी शास्त्रशुद्ध आहे. तेलाने मळ सुटतो, आणि मसुरीचे पीठ, नागरमोथा, आंबेहळद यांची भुकटी ते मळलेले तेल शोषून बाहेर काढते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला ‘यण्णीमज्जन’ म्हणजे तेलाचे स्नान म्हणतात. हा शब्द लहानपणापासून ऐकलेल्या सोलापूरकराला तेल आणि स्वच्छता यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागू नये.

प्रश्न आहे तो कोणते तेल, याचा. वनस्पती तेले वरून सारखी दिसली तरी त्यांतील मेदाम्ले (फॅटी ॲसिड) निरनिराळी असतात आणि त्वचेवरचा परिणाम बराचसा त्यांवर ठरतो. खोबरेलात सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते. अंगाला आणि केसांना ते चांगले असले, तरी ज्यांना मुरुमे होतात त्यांच्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवू शकते. ऑलिव्ह तेल महाग असूनही हल्ली फार सुचवले जाते. त्यात ओलेइक आम्ल जास्त असते, आणि प्रौढांच्या त्वचेवर ते वारंवार लावले असता त्वचेचे वरचे संरक्षक आवरण कमकुवत होते, सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. तिळाच्या तेलात ओलेइक आणि त्वचेला उपयोगी असे लिनोलेइक ही दोन्ही आम्ले जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात, म्हणून ते मधले. एरंडेल फार चिकट असल्याने दुसऱ्या तेलात थोडेसे मिसळूनच वापरावे. ‘बदाम तेल’ म्हणून बाटलीवर बदामाचे चित्र असते, पण पुष्कळ केशतेलांचा मूळ घटक द्रव पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असतो. तो अपायकारक नाही, पण बदामाच्या भावाने घेऊ नये. मागची बारीक अक्षरे वाचावीत.

आणि आपली करडई. पारंपरिक जातींच्या करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. त्वचा आपले संरक्षक आवरण बांधण्यासाठी हेच आम्ल वापरते, आणि मुरुमे असलेल्यांच्या सीबममध्ये त्याचे प्रमाण कमी असल्याचेही आढळले आहे. तेल पातळ असते, चटकन पसरते आणि पुसले की निघते. ज्वारीच्या रानाला जनावरे लागू नयेत म्हणून कडेने काटेरी करडई पेरणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, जिथे करडईवर संशोधन करणारे केंद्रही आहे, तिथल्या मुलींनी परदेशी तेलाच्या छोट्या बाटलीसाठी घरच्यांकडे हट्ट धरावा, याची मला खंत वाटते.

मात्र करडईची एक मोठी अडचण आहे आणि ती लपवून तिची शिफारस करणे योग्य होणार नाही. जे आम्ल त्वचेला उपयोगी, तेच हवेतील ऑक्सिजनशी लवकर संयोग पावते आणि तेल खवट होते. उष्णता आणि प्रकाश या दोन्हींमुळे ही क्रिया वाढते, आणि आपल्याकडे मार्चपासून पारा चाळिशीकडे धावू लागतो. घाण्याच्या दुकानांबाहेर पारदर्शक बाटल्या उन्हात ओळीने मांडलेल्या मी रोज पाहते. असे तेल फोडणीत कदाचित खपून जाईल, चेहऱ्यावर मात्र ते खाज आणि पुरळ आणू शकते, आणि मग दोष करडईच्या माथी येतो. म्हणून चेहऱ्यासाठी घ्यायचे तेल शंभर मिलिलीटरपेक्षा जास्त घेऊ नये, गडद काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावे, दोन-तीन महिन्यांत संपवावे, आणि वासात जुन्या शेंगदाण्यासारखा जरासा जरी खवटपणा जाणवला तरी दिव्याला वापरावे. तळणातून उरलेले तेल तर चेहऱ्याजवळही नेऊ नये. एक गोष्ट घाण्याच्या भक्तांना रुचणार नाही, तरी सांगते. रिफाइंड तेल म्हणजे विष नव्हे. त्यातील गाळ, गंध आणि मुक्त आम्ले काढलेली असल्याने नाजूक त्वचेला कधीकधी तेच अधिक मानवते.

पद्धत सोपी आहे. रात्री कोरड्या चेहऱ्यावर अर्धा चमचा तेल घेऊन मिनिटभर हलक्या हाताने फिरवावे आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये. मग कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने टिपून घ्यावे. टॉवेलच्या गावात राहून हे लिहिणे अवघड वाटते, पण नवा टर्किश टॉवेल चेहऱ्याला खरखरीत होतो; धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा त्यापेक्षा बरा. तो रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावा. बाजारातल्या क्लीन्झिंग ऑइलमध्ये पाणी लागताच दुधाळ होऊन निघून जाण्याची सोय केलेली असते, साध्या तेलात ती नसते. त्यामुळे पुसल्यानंतर सौम्य फेसवॉशने किंवा डाळीच्या पिठाने चेहरा धुवावाच. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी शेंगतेल टाळावे.

ज्यांना पू धरणारी मुरुमे आहेत, किंवा भुवयांत आणि नाकाच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, त्यांनी तेल लावू नये. त्या पापुद्र्यांमागे असणारी मॅलासेझिया ही बुरशी तेलातील मेदाम्लांवरच पोसते. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तेलाने रंग उजळत नाही आणि ऊनही अडत नाही.

माझ्या विनंत्या दोनच आहेत. सध्या करडईची काढणी चालू आहे आणि नवे बी घाण्यावर येऊ लागेल. घाणाचालकांनी प्रत्येक बाटलीवर तेल गाळल्याची तारीख लिहावी आणि बाटल्या सावलीत ठेवाव्यात. ओलेइक आम्ल जास्त असलेल्या करडईच्या जातीही आता निघाल्या आहेत, त्यांचे तेल अधिक टिकते पण त्याचा गुण वेगळा असतो. तेव्हा बी कोणत्या जातीचे, हे शेतकऱ्याकडून विचारून घेऊन तेही लिहिता आले तर ग्राहकावर उपकार होतील. दुसरी विनंती आपल्याला. लिंबाच्या रसाविषयीची दुरुस्ती येत्या पुरवणीत, मूळ लेखाइतक्याच ठळकपणे छापावी. कडक उन्हाळा सुरू होण्यापूर्वी ती वाचकांच्या हाती पडायला हवी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर