डिस्क रिकामी आणि बॅकअप 2 जीबीला अडकलेला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर सगळं नव्या मशिनांचंच असतं, पण जुने युनिक्स सर्व्हर सांभाळणारेही आहेत अजून, आणि बॅकअप 2 जीबीला येऊन मेला की त्यांना सल्ला काय मिळतो, तर मोठी डिस्क घ्या. अहो डिस्कवर ढीगभर जागा असते!

जुने प्रोग्राम फाइलमधली जागा 32 बिटांच्या साइन्ड (एक बिट अधिक-उणे चिन्हाला जाणाऱ्या) आकड्यात बाइटमध्ये मोजतात, तो 2147483647 च्या, म्हणजे 2 जीबीच्या पुढे जातच नाही, संपला विषय. 1996 मध्ये युनिक्सवाल्या कंपन्यांनी मिळून 64 बिटांचा तोडगा ठरवला, सोलारिस या युनिक्समध्ये तो 2.6 व्हर्जनला आला, पण सिस्टिम सुधारली तरी आधी कंपाइल केलेला (मशिनच्या भाषेत तयार करून ठेवलेला) प्रोग्राम जुनाच राहतो ना. शिवाय अडवणारा एकटा नसतो. एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्सवर यूजरची फाइल लिमिट डिफॉल्टलाच 2097151 ब्लॉक, ब्लॉक 512 बाइटचा, म्हणजे 1 जीबीलाच ब्रेक. एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्सवर फाइलसिस्टिमला लार्जफाइल्स ऑप्शन लागतो. एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनची डिस्क वापरायची सोय, व्हर्जन 2 असेल तर तिथेही 2 जीबी. आधी नक्की कोण अडवतंय ते बघा.

माझं मत विचाराल तर मोठी फाइल बनवूच नका. टारचं (फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपने, म्हणजे एका प्रोग्राममधून थेट दुसऱ्यात, जीझिपला (दाबून लहान करायला), तिथून स्प्लिटला (तुकडे करायला), मायनस बी देऊन 1000 एमबीचे तुकडे, अख्खी फाइल डिस्कवर येतच नाही. डेटाबेसच्या एक्स्पोर्टला मात्र फाइलचं नावच लागतं, मग एमकेफिफो कमांडने नेम्ड पाइप, म्हणजे फाइलसारखं नाव असलेला पाइप, बनवायचा, त्याचंच नाव द्यायचं आणि दुसऱ्या टोकाला जीझिप आधीच चालू करून ठेवायचा, एक्स्पोर्ट बिचारा फाइल समजून लिहीत बसतो (मला अजूनही हे भारी वाटतं). फक्त प्रोग्राम सरळ लिहीत जाणारा हवा, मागेपुढे उड्या मारणारा असेल तर नाही जमणार. रिस्टोअर करताना तुकडे कॅटने (फाइली एकामागे एक वाचून देणाऱ्या कमांडने) थेट पाइपमध्ये सोडा, जोडून फाइल केलीत की परत तीच बोंब. नावांच्या शेवटी एए, एबी असं असतं त्यामुळे नावात त्या जागी स्टार (*) दिला की क्रम बरोबर लागतो.

अजून एक, डेटा 4 जीबीच्या वर असेल तर जुनं जीझिप मायनस एल ला भलतीच छोटी साइज दाखवतं, कारण जीझिपच्या फाइलच्या शेवटी साइज 32 बिटांतच लिहिलेली असते. घाबरून बॅकअप उडवू नका, तुकडे कॅट करून जीझिप मायनस टी ला द्या, खराब असेल तर ते सांगतं.

आपला,
एक सिस्टिम अॅडमिन